मामांचं नाक

ज्या दिवशी मातीचे नमुने घ्यायचे असत, त्याच्या आदल्या संध्याकाळपासून मामा कांदा-लसूण बंद करायचे. चहासुद्धा बिनविलायचीचा. आंघोळ नुसत्या पाण्यानं, साबण नाही. सकाळी सहाला मी जीपजवळ पोचले की पहिला प्रश्न यायचा, "डोक्याला काय लावून आलीस?"

"काही नाही मामा, थोडं खोबरेल."

"मंग मागं बस. खिडकी उघडी ठेव. अन् आज बरणीला हात लावायचा न्हाई, चिठ्ठ्या तेवढ्या लिही."

मी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झालेली, कागदोपत्री त्यांच्या वरची. ते एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून अठ्ठावीस वर्षं काढून निवृत्त झालेले. कॉलेजात परिचरांना सगळे मामाच म्हणतात, तेच नाव आमच्या नांदेडच्या ऑफिसातही आलं. पण चिठ्ठ्या लिही म्हटलं की मी मुकाट्यानं चिठ्ठ्या लिहायचे.

आमचं काम सांगायला सोपं आहे. गेल्या काही वर्षांत नांदेड-लातूरकडचे रस्ते रुंद झाले, त्यात कितीतरी जुने पेट्रोल पंप उठले. पंपाखाली जमिनीत लोखंडी टाक्या पुरलेल्या असतात. त्या उपटून काढल्या की जागा विकायला मोकळी होते. पण वीस-तीस वर्षांत टाकी कुठं गंजली असेल, पेट्रोल-डिझेल थेंबाथेंबानं मातीत उतरलं असेल, तर ती माती आणि तिच्याखालचं पाणी दोन्ही खराब झालेलं असतं. ते बघायचं. टाक्यांच्या खड्ड्याभोवती होल घ्यायचे, वेगवेगळ्या खोलीची माती काचेच्या बरण्यांत भरायची, बर्फाच्या पेटीतून हैदराबादच्या प्रयोगशाळेत पाठवायची आणि मग अहवाल लिहायचा. अहवाल मी लिहायची. मातीशी बोलायचं काम मामांचं.

नमुन्याच्या दिवशी जीपमध्ये डिझेल भरायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. एकदा आमच्या ड्रायव्हरनं सकाळी अर्धापूरजवळ टाकी फुल केली. मामांनी गाडी थांबवून त्याला तीनदा मातीनं हात धुवायला लावले आणि दिवसभर त्याला वाऱ्याच्या उलट्या बाजूला लिंबाखाली बसवून ठेवलं. जेवायला हाक मारली तेव्हा म्हणाले, "तिथंच बस बाबा, तुझं ताट तिकडं पाठवतो." आम्ही खूप हसलो. पुढं एका मोठ्या कंपनीच्या नियमावलीत अगदी हाच नियम छापलेला मी वाचला. मामांनी ती नियमावली कधी पाहिलेली नव्हती.

त्यांचा जन्म उदगीरकडचा, आई कानडी. बोलता बोलता मध्येच कानडी शब्द यायचे. मातीला ते कधी कधी 'मण्णु' म्हणत. "मण्णु खोटं बोलत न्हाई, माय. माणूस घाई करतो." हे वाक्य मी किमान शंभरदा ऐकलं असेल आणि त्यातलं पहिलं अर्धंच लक्षात ठेवलं असेल.

तरोड्याजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात भिंतभर फळ्या होत्या आणि त्यांवर लोणच्याच्या बरण्या. आत माती. माहूरच्या डोंगराची, मुरुडच्या उसाच्या रानातली, गोदावरीच्या काठची, उदगीरच्या किल्ल्यामागची. डोळे बांधून त्यांच्या नाकाशी चिमूटभर माती धरायची, वर पाण्याचा एक थेंब टाकायचा, की ते गाव सांगत. मी स्वतः पाच वेळा परीक्षा घेतली. चार वेळा बरोबर, पाचव्या वेळी त्यांचं म्हणणं होतं की बरणीवरची चिठ्ठीच चुकलीय.

मामी म्हणायच्या, "माझ्या लोणच्याला एक बरणी मिळंना, अन् ह्यांची माती बघा कशी राणीवाणी बसलीय. एकदा माहूरची माती मी तुळशीत टाकली, तर आठ दिवस बोलले न्हाईत माझ्याशी. तुळस मात्र बेस आली."

नव्या जागेवर गेलं की कुणीही आधी विचारील, टाक्या कुठं होत्या? मामा ते विचारत नसत. ते आजूबाजूच्या घरांकडं वळत. "इथं कुणाच्या घरचं पाणी गोड हाय हो?" मग तिथं बसायचं, पाणी मागायचं, विहीर किती खोल, खडक किती फुटावर लागला, उन्हाळ्यात आटते का, पावसाळ्यात पाणी गढूळ होतं का. तास जायचा. आमचे साहेब, म्हणजे ऑफिसचे मालक, फोनवर ओरडायचे, "मामा सोयरीक जमवायला गेलेत का तिकडं?" मामा फोन माझ्या हातात परत देत म्हणायचे, "सांग त्यांना, हाव म्हणावं. विहिरीची सोयरीक काढून राहिलोय."

देगलूर रस्त्यावरच्या एका बंद पंपाची गोष्ट आमच्याकडं अजून सांगतात. खड्ड्यातून काढलेली माती बरणीत भरली, मामांनी झाकण लावलं, बरणी हातात धरून थोडी गरम केली आणि झाकण किंचित उचलून नाकाशी नेली. पंपमालक खुर्ची टाकून समोर बसलेला. मामा मला म्हणाले, "लिही. डिझेल हाय. पण त्यात रॉकेल लई हाय."

मालक ताडकन उठला. "कोण म्हणतं?"

"माती म्हणून राहिली, शेठ. मी न्हाई."

हैदराबादहून निकाल आला, त्यात रॉकेल निघालं. तो पंप कधीचाच बंद झाला होता, त्यामुळं पुढं काही झालं नाही. पण त्या दिवसापासून मामांचं नाक हा आमच्या ऑफिसचा मोठेपणा झाला. साहेब नव्या गिऱ्हाइकाला पहिल्यांदा तीच गोष्ट सांगत. मामाही ऐकत बसत, आणि पुढच्या जागेवर बरणी नाकाशी नेताना थोडा जास्तच वेळ डोळे मिटत.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मामा आणि मामी दोघंही आजारी पडले. मामी लवकर उठल्या. मामा वीस दिवस झोपून होते. नंतर कामावर आले तेव्हा वाळलेले होते, पण पूर्वीसारखेच, डोक्याला काय लावलंस विचारणारे. दोन महिन्यांनी एका दुपारी मी ऑफिसच्या मागच्या खोलीत गेले. शेगडीवर दूध ठेवलेलं. ते उतू जाऊन, जळून, पातेल्याचा कोळसा झाला होता. खोलीत डोळे चुरचुरण्याइतका जळका वास. मामा शेगडीपासून चार हातांवर बसून पेपर वाचत होते.

मी शेगडी बंद केली. त्यांनी वर पाहिलं, पातेलं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"कधीपासून मामा?"

"आजारापासनं. कायबी येत न्हाई. उदबत्ती न्हाई, रॉकेल न्हाई. मामीनं फोडणी दिलेली कळत न्हाई मला." मग पेपरची घडी घालत म्हणाले, "येईल परत. डाक्टर म्हणला येतं. कुणाला सांगू नको, माय."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

त्यांना वास पुन्हा कधी आला नाही. मी साहेबांना सांगून हवेतली पेट्रोलची वाफ मोजणारं एक हातातलं यंत्र मागवून घेतलं. काळाच्या बरोबर चालायला पाहिजे, असं कारण दिलं. मामा त्याला 'डबी' म्हणायचे. जागेवर गेलं की ते पूर्वीसारखेच बरणी नाकाशी नेत, डोळे मिटत, आणि मी त्यांच्या आधीच डबीवरचा आकडा हळूच वाचून दाखवायची. मग ते म्हणायचे, "हाव, येतो थोडा." असं आमचं दोन वर्षं चाललं. मला वाटायचं, मी किती मोठ्या मनानं त्यांना सांभाळून घेतेय. खरं म्हणजे त्याच दिवसांत मी त्यांचं ऐकायचं सोडलं होतं. विहिरींच्या चौकशीला ते गेले की मी जीपमध्ये बसून फोन बघायचे.

लातूरच्या बाहेर, मुरुडकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक पंप उठला होता. जागेचा सौदा एका बिल्डरनं केलेला. तिथं मुलींचं वसतिगृह व्हायचं होतं, शिकवण्यांसाठी गावोगावहून येणाऱ्या पोरींचं. साहेबांनी पहिल्यांदाच एका जागेचं सगळं काम माझ्यावर सोपवलं. मे महिना, सकाळी नऊलाच डोकं तापलेलं. आम्ही पोचलो तर टाक्या काढून खड्डा मुरूम टाकून बुजवून टाकलेला. खरं तर बुजवायच्या आधी आम्हाला बोलवायला हवं होतं. बिल्डरचा मॅनेजर म्हणाला, "उघडा ठेवून जनावर पडलं असतं, मॅडम."

ड्रिलिंगच्या यंत्रानं आठ होल घ्यायचे ठरले होते. घेतले. आठही ठिकाणी दहा फुटांपर्यंत माती चांगली, डबीचा आकडा हलला नाही. चार वाजता मी पाणी पिऊन कागद आवरायला लागले, तेव्हा मामा पूर्वेकडच्या कुंपणाच्या पलीकडून आले. त्या बाजूला एका निवृत्त शिक्षिकेचं घर होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केलेल्या, एकट्या राहणाऱ्या, दारात जास्वंद लावलेल्या बाई. त्यांची जुनी विहीर कुंपणापासून पन्नास-साठ पावलांवर होती.

"अजून एक होल घे," मामा म्हणाले. "कुंपणाच्या पलीकडं. विहिरीच्या अलीकडं."

"मामा, ती जागा आपल्या कामात नाही."

"पेट्रोल विचारून सरकत न्हाई, माय. इथं पंपाच्या आडाला पंधरा फुटावर खडक लागला, बाईच्या विहिरीला बावीसवर. म्हणजे खडकाचा उतार तिकडं हाय. काळ्या मातीच्या भेगातनं खाली गेलं, खडकावर बसलं, अन् उतारानं निघालं. अवकाळी झाला तवा बाईच्या विहिरीवर मोरपंखी तवंग आला व्हता म्हणतात."

"सडलेल्या पाल्यानंही येतो तवंग."

"येतो. पण बघू तर."

मॅनेजर घड्याळ बघत होता. सोमवारी रजिस्ट्री होती. यंत्रवाल्यानं पाइप गाडीवर चढवायला सुरुवात केली होती. मग मामांनी हातानं फिरवायचं औजार घेतलं आणि त्या उन्हात, बासष्ट वर्षांच्या वयात, एकट्यानं सात फूट भोक पाडलं. सातव्या फुटाला कडक मुरूम लागला, औजार पुढं जाईना. तळाची मूठभर माती त्यांनी बरणीत भरली. झाकण लावलं, हातात धरली, थांबले, आणि सगळे बघत असताना झाकण उचलून नाकाशी नेली.

"वास येतो," ते म्हणाले.

मी डबी धरली. आकडा जवळजवळ शून्य.

"वास येतो, माय. यंत्र खाली उतरव. पंधरा फूट जा."

मी दमले होते. माझं पहिलं काम वेळेत संपत आलं होतं. आणि मला वाटलं, हा माणूस आपली लाज झाकायला एका अख्ख्या कामाचा खोळंबा करतोय. मी मोठ्यानं म्हणाले, "मामा, तुम्हाला वास येतच नाही. दोन वर्षं झाली. मला माहितीय."

यंत्रवाला आधी हसला. "आँ? मंग इतका वेळ हे काय हुंगून राहिले?" मॅनेजर हसला. दोन मजूर हसले. आणि मीही हसले. फार नाही, जरासं. पण हसले.

मामांनी बरणीचं झाकण नीट फिरवून लावलं. चिठ्ठीवर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं, बरणी पेटीत ठेवली आणि जीपच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर औजारांच्या पेटीची किल्ली होती.

हैदराबादहून निकाल आले, आठही स्वच्छ. नववी बरणी मी पाठवलीच नव्हती, आमच्या कामात नव्हती म्हणून. जागेत कोणताही दोष आढळला नाही, असं मी लिहिलं आणि खाली सही केली. साहेबांनी पाठ थोपटली. मामांचं विचारलं, तर मी म्हणाले, वय झालं त्यांचं. तरोड्याला जाऊन यायचं मी रोज ठरवायची. ऑफिसपासून पंधरा मिनिटांचा रस्ता. जून गेला, जुलै गेला.

गणपती उठले, त्यानंतर चार-पाच दिवसांनी फोन आला. "जय भीम मॅडम. लातूरहून बोलतेय, त्या पंपाशेजारची बाई. माझ्या विहिरीचं पाणी वास मारतंय. पेट्रोलचा. तुमच्या मामांनी सांगितलं होतं, असं झालं की आधी मॅडमना फोन करा."

"मामा तुम्हाला कुठं भेटले?"

"अहो, ते दर पंधरा दिवसाला येतात की. एस.टी.नं. आधी मला वाटलं, ऑफिसनंच पाठवलंय."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर बसले होते. बाईंनी सगळं सांगितलं. जूनपासून मामा नांदेडहून येत होते. विहिरीचं पाणी शेंदून स्टीलच्या ताटात ओतायचे, उन्हात धरायचे, वर रंग दिसतो का बघायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बाई, माझं नाक गेलंय. मला वास येत न्हाई. तुम्ही हुंगा अन् मला सांगा." पाऊस लागला तसं त्यांनी बाईंना विहिरीचं पाणी प्यायचं बंद करायला सांगितलं. खालचं पाणी वर चढलं की पेट्रोल त्यावर तरंगत येणार, हे त्यांना ठाऊक होतं.

पण शेजारच्या जागेत बिल्डरनं वसतिगृहासाठी बोअर घेतला होता. जागा स्वच्छ असल्याचा कागद त्याच्याकडं होता, माझ्या सहीचा. बांधकामावरची माणसं त्याच बोअरचं पाणी पीत होती. बाईंनी जाऊन सांगितलं, तर मुकादम म्हणाला, वास पाण्याला नाही, ड्रमला आहे. मुखेडकडची एक जोडी होती, त्यांचं दहा महिन्यांचं लेकरू उलट्यांनी बेजार झालं. सरकारी दवाखान्यात आठ दिवस होतं. वाचलं. मग ते लोक काम सोडून गेले.

मी त्याच दिवशी यंत्र बोलावलं आणि मामांनी दाखवलेल्या जागी उतरवलं. चौदाव्या फुटाला मुरूम बाहेर आला तो हिरवट-राखाडी. डबी किंचाळायला लागली. डबीची गरज नव्हती. यंत्रवाल्यानं नाकाला रुमाल लावला. तोच होता, मे महिन्यातला. यावेळी तो हसला नाही.

साहेब खूप चिडले, पण त्यांनी माझा नवा अहवाल एक शब्द न बदलता पुढं पाठवला, एवढं त्यांचं श्रेय. बांधकाम थांबलं, बोअर बुजवला. बाईंच्या घरी आजही टँकरचं पाणी येतं. विहिरीवर जाळी आहे.

नवा अहवाल हातात आल्यावरच मी तरोड्याला गेले. रिकाम्या हातानं जायचं धाडस नव्हतं. मामींनी दार उघडलं, आत बोलावलं, पण नेहमीसारखं हसल्या नाहीत. मामा खाटेवर बसले होते. त्यांनी अहवाल घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. अर्धा तास वाचत होते. मी जमिनीकडं बघत बसले.

"चौदावर लागलं," ते शेवटी म्हणाले. "मी पंधरा म्हणलो व्हतो."

"मामा, मी त्या दिवशी..."

"तू खोटं न्हाई बोललीस. मला वास येत न्हाई." त्यांनी चष्मा काढला. "मीच खोटं बोललो. त्या बरणीत वास न्हाई आला मला. मातीचा रंग बघितला. तळाची माती जराशी हिरवट व्हती, एक रेघ. विहिरीचं ऐकलं व्हतं, उतार ठाऊक व्हता. तेवढ्यावर मला कळलं."

"मग तसं सांगायचं होतं ना."

"सांगितलं की. तू पाला म्हणालीस." ते शांतपणे बोलत होते. "मंग मला वाटलं, वास म्हणलं की ऐकशील. इतकी वर्षं वास म्हणलं की सगळे ऐकत आले. रंग म्हणलं तर कोण ऐकतंय?"

मला रडू आलं. त्यांनी समजूत घातली नाही. म्हणाले, "त्या लोकांसमोर बोललीस, ते मी इसरणार न्हाई. इसरलो म्हणलं तर तेबी खोटंच हुईल." मग थोड्या वेळानं विचारलं, "ते लेकरू कसं हाय?"

"बरं आहे म्हणे."

"कोण म्हणलं? तू बघितलंस?"

"नाही."

"त्याच्या आईला कुणी सांगितलं का, लेकरू कशानं आजारी पडलं ते?"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. अहवाल बिल्डरला गेला होता, कचेऱ्यांत गेला होता, बाईंना गेला होता. मामा उठले आणि खुंटीवरची टोपी काढली. "मुकादमाचा नंबर काढ," ते म्हणाले.

ती माणसं निलंग्यात एका दुकानांच्या बांधकामावर होती. आम्ही दोन दिवसांनी गेलो. जीपमध्ये मामा पुढं बसले, खिडकीबाहेर बघत. एवढ्या रस्त्यात ते फक्त एकदा बोलले, औशाच्या पुढं, "ह्या वळणावर हळू घे," तेही ड्रायव्हरला. आता मामा नाहीत. गेल्या उन्हाळ्यात गेले, झोपेतच. निलंग्यानंतर आमच्या तीन-चार भेटी झाल्या असतील, पण ते कामावर परत आले नाहीत आणि मी आग्रह करायच्या लायकीची राहिले नव्हते.

आम्ही निलंग्यात पोचलो तेव्हा दुपारची जेवणाची सुट्टी होती. लेकराच्या आईचं नाव रेखा. वीस-बावीस वर्षांची असेल. सासू शेजारी बसली होती. लेकरू पोत्यावर पडून बाटलीनं दूध पीत होतं, पावडरचं, पाण्यासारखं पातळ. मामा तिच्यापासून चार पावलांवर उकिडवे बसले.

"लेकराला बाटली कधीपासनं?"

सासू म्हणाली, "हिचं दूध नासलं व्हतं. लेकरू पेलं की वकायचं. मरता मरता वाचलं. मंग सोडवलं अंगावरचं."

मामा सासूकडं बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "दूध नासलं नव्हतं. लातूरच्या त्या बोअरच्या पाण्यात पेट्रोल व्हतं. लेकराला वरनं पाणी पाजत व्हता न्हवं? त्यानं झालं ते. तपासलंय. कागद हाय आमच्यापाशी. हिच्या दुधात काय खोट नव्हती."

रेखा त्यांच्याकडं बघत राहिली. "चांगलं व्हतं?"

"हाव माय. चांगलं व्हतं."

"मला वाटायचं ड्रमाचा वास हाय," ती म्हणाली. मग पदराची कड बोटाला गुंडाळत म्हणाली, "आता आटलं ते. लई दिवस झाले."

सासू उठून ताटं गोळा करायला लागली. तिनं सुनेकडं पाहिलं नाही. मामांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. पुढचं माझं मला बोलायला लागणार होतं, ते मला कळलं. मी पुढं होऊन तिच्यासमोर बसले.

"रेखा, त्या जागेत काही दोष नाही, असा कागद मी दिला होता. माझ्या सहीचा. म्हणून तिथं बोअर पाडला."

तिला आधी नीट समजलं नसावं. तिनं माझ्या चपलांकडं, गळ्यातल्या ओळखपत्राकडं, मग तोंडाकडं पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. लेकराच्या तोंडातून बाटली सुटली होती, ती पुन्हा नीट धरत तिनं विचारलं, "तुम्ही पेला व्हता का ते पाणी?"

"नाही," मी म्हणाले.